मंगळवारच्या दोन बाटल्या

पत्र सोमवारी आलं. रोपवेच्या डब्यातून, बटाट्याच्या पोत्यावर बसून, अगदी आरामात. हवावाल्या बाईंनी ते दारातच फोडलं, उभ्याउभ्या वाचलं, परत एकदा वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, "मी श्वास सोडला म्हणे!"

ज्याला बाई माहीत नाहीत त्याला वाटेल, मग त्यात काय एवढं? श्वास तर सगळेच सोडतात. म्हणून आधी त्यांचं काम सांगायला हवं, आणि नीट सांगायला हवं. ऑफिसातल्या शहाण्यांनी ते एकदा जरी बसून ऐकून घेतलं असतं, तरी पुढचा सगळा तमाशा टळला असता.

डोंगराच्या पार माथ्यावर, जिथे झाड तर सोडाच, गवतसुद्धा धड उगवत नाही, तिथे हवा मोजायचं केंद्र आहे. चार खोल्या आणि एक गच्ची. एका खोलीत यंत्रं, एकीत स्वयंपाक, एकीत बाई आणि त्यांचा नवरा, आणि चौथी पाहुण्यांची, जिच्यात बारा महिने ओल्या ब्लँकेटचा वास. एवढ्या उंचीवर कशाला, तर खालची हवा म्हणजे उष्टी हवा. गाड्यांनी, भट्ट्यांनी, शेगड्यांनी वापरून टाकलेली. वर येते ती लांबून आलेली, वाटेत कुणाच्या तावडीत न सापडलेली. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती, ते दर आठवड्याला बघायचं आणि वर्षानुवर्षं बघत राहायचं. दोन वर्षांच्या आकड्यांना कुत्रं विचारत नाही. वीस वर्षांचे आकडे मात्र जगभरचे लोक मागून घेतात.

आता हे बघायचं कसं? काचेच्या दोन बाटल्या, आतली हवा आधीच काढून घेतलेली. मंगळवारी उजाडलं की केंद्रात शेगडी पेटत नाही, हीटर बंद, जनरेटर बंद. बाई कानटोपी घालून कड्यावर जातात, वारा कुठून येतोय ते बघतात आणि बरोबर वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहतात. मग खोल श्वास घ्यायचा, थोडा सोडायचा, उरलेला आत कोंडायचा, हात लांब करून बाटली डोक्यावर धरायची आणि तोटी उघडायची. फुस्स आवाज होतो. तो थांबला की आणखी दहा आकडे मोजायचे, तोटी बंद करायची, आणि तेव्हा कुठे श्वास सोडायचा. मग दहा पावलं बाजूला जायचं, छाती शांत होऊ द्यायची, परत यायचं, दुसरी बाटली. माणसाच्या एका उच्छ्वासात बाहेरच्या हवेच्या शंभरपट कार्बन असतो. चुकून त्याचा एक भपकारा आत गेला की बाटली बाद. आठवडा बाद.

असे एकवीस वर्षांचे मंगळवार. हजाराच्या वर भरतात. बर्फात, धुक्यात, ताप असताना, आणि एकदा तर आई गेल्याचा फोन आल्यावर, आधी बाटल्या भरून मग डब्यात बसून खाली. एकदा कुणी थोर शास्त्रज्ञ पाहुणे आले होते. मंगळवारीच आले आणि चहा मागू लागले. बाई म्हणाल्या, "बाटल्या भरल्यावर." बाहेर शून्याखाली बारा. ते गृहस्थ दोन तास रिकामा कप हातात धरून मुकाट बसले होते. पुढे म्हणे त्यांनी कुठल्याशा भाषणात या केंद्राचं फार कौतुक केलं. बाईंचं नाव घेतलं नाही ते सोडा.

आणि या बाईंना पत्र आलं होतं की, केंद्रात बसवलेल्या, हवा आपोआप मोजणाऱ्या नव्या यंत्राशी तीन महिने तुलना केली असता केंद्रातल्या बाटल्यांचा आकडा सरासरीने दहा लाखांत चार भाग जास्त येतो. कारण उघड आहे, निरीक्षक क्रमांक सात यांच्या श्वासामुळे बाटल्या दूषित होत असाव्यात. सबब आजवरची सर्व एकवीस वर्षांची नोंद 'वापरण्यास अयोग्य' ठरवण्याचा प्रस्ताव येत्या शुक्रवारच्या बैठकीत मंजुरीसाठी ठेवण्यात येत आहे. माहितीस्तव. खाली सही नोंदवाल्या साहेबांची, म्हणजे केंद्राकेंद्राच्या नोंदी जमा करणाऱ्या विभागाचे जे प्रमुख, त्यांची.

क्रमांक सात म्हणजे बाई.

नवरा स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता. केंद्राचा स्वयंपाक, जनरेटर, पाण्याच्या नळ्या, सगळं तोच बघतो, कंत्राटावर. गडी स्वभावाने मोकळाढाकळा, कशाचं म्हणून टेन्शन घेणार नाही. बाईंनी त्याच्यापुढे पत्र आपटलं.

"हे बघा! एकवीस वर्षं छाती फुटेस्तोवर श्वास धरला, आणि हे म्हणतायत मी बाटलीत श्वास सोडला!"

"बरं झालं सोडलास," नवरा म्हणाला. "नाहीतर पत्र वाचायला उरली असतीस का?"

"अहो, गंमत सुचतेय तुम्हाला? सगळं पुसून टाकणार आहेत ते. शुक्रवारी. एकवीस वर्षं!"

त्याने ओले हात पुसले आणि पत्र घेतलं. वाचता वाचता त्याच्या चेहऱ्यावरची मजा उतरत गेली. तुलनेचे तीन महिने कुठले ते खाली तारखांसकट लिहिलं होतं. बाईंनीही आता त्या तारखा नीट बघितल्या, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या तीन महिन्यांत त्या इथे नव्हत्याच मुळी. गेल्या हिवाळ्यात यंत्र बसलं, तुलना सुरू झाली, आणि तिसऱ्याच दिवशी बाई लोखंडी जिन्यावर बर्फावरून घसरल्या. गुडघ्याची वाटी फुटली. त्याच दुपारी त्यांना स्ट्रेचरवरून खाली नेलं. ऑपरेशन, प्लास्टर, व्यायाम, तेरा आठवडे. ते तेरा मंगळवार बाटल्या भरल्या त्या नवऱ्याने.

"बाटल्यांबरोबरच्या फॉर्मवर क्रमांक कुणाचा टाकत होतात?" बाईंनी विचारलं.

"तुझाच. पहिल्या वेळी मी माझं नाव लिहिलं होतं, तर फॉर्म परत आला. मग त्या नोंदवाल्या साहेबांचा फोन. म्हणाले, कॉम्प्युटर दुसरा क्रमांक घेत नाही, बाईंचा सात टाका आणि मोकळे व्हा."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"मला काय माहीत त्यात एवढं काय आहे ते! क्रमांकच तर होता."

बाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी फळीवरची एक रिकामी बाटली काढली, नवऱ्याच्या हातात कोंबली आणि त्याला कड्यावर नेलं. "भरून दाखवा. कसे भरत होतात, अगदी तसंच."

नवऱ्याने कॉलर वर केली, वाऱ्याकडे पाठ फिरवली, आणि काडी विझू नये म्हणून माणूस ओणवा होतो ना, तसा बाटलीवर ओणवा झाला. मग गाल फुगवून श्वास धरला आणि तोटी उघडली.

"पाठ कुणाकडे केलीत?"

"वाऱ्याकडे. तोंडावर सुया टोचतात ना."

"आणि एक झाली की लगेच दुसरी?"

"मग काय, तिथे पथारी पसरू? बोटं गळून पडायची वेळ यायची. पण श्वास धरला हां मी. तू फोनवर सांगितलंस, श्वास धरा, तर धरला. दुसऱ्या बाटलीला डोळ्यांपुढे अंधारी यायची, तरी धरायचो. शेवटी शेवटी सुटायचा थोडा, खोटं कशाला बोलू."

बाई त्या कड्यावर जे काही बोलल्या ते इथे लिहीत नाही. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. त्यांचा दम संपल्यावर तो हळूच म्हणाला, "वाऱ्याकडे तोंड करायचं, हे मला सांगितलं होतंस का गं तू?"

हॉस्पिटलातला फोन बाईंना आठवला. गुडघ्यात कळा, इंजेक्शनची गुंगी, लाइनवर खरखर. 'श्वास धरा' एवढं सांगितलं होतं खरं. वाऱ्याचं सांगितलं नव्हतं. ती सांगायची गोष्ट आहे हेच कधी डोक्यात आलं नव्हतं. तोंडात घास घालायचा तर तोंड उघडायचं, हे कुणी सांगतं का?

पण म्हणून ऑफिस सुटत नाही. त्याच गुंगीत बाईंनी ऑफिसला एकदा नाही, तीनदा फोन केला होता, की शिकलेला माणूस पाठवा, ही येऱ्यागबाळ्याची कामं नाहीत. तिन्ही वेळा उत्तर एकच, "घरातलंच माणूस आहे ना वर? त्यांनाच सांगा की." एक माणूस पाठवायला जीव जात होता यांचा! आणि आता पत्र पाठवायला शाई बरी होती.

त्यांनी लगेच नोंदवाल्या साहेबांना फोन लावला.

"बाई, मनाला लावून घेऊ नका," साहेब गोड आवाजात म्हणाले. "कुणावर वैयक्तिक ठपका नाहीये. पद्धतच जुनी झाली. आता यंत्र आहे."

"ठपका नाही कसा? क्रमांक सात लिहिलंय तुम्ही. ते तीन महिने मी वर नव्हतेच. माझ्या नवऱ्याने भरल्यात त्या बाटल्या."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "हे तुम्ही आज सांगताय. कागदावर तर तुमचाच क्रमांक आहे. बघा बाई, आपली चूक लपवायला घरच्या माणसाला पुढे करणं बरं दिसत नाही."

एकवीस वर्षांत ज्या बाईने साधी तारीख कधी खोटी लिहिली नाही, ती नवऱ्याला पुढे करतेय! "शुक्रवारी मी येतेय," त्या म्हणाल्या.

"अहो, गरज नाही. तांत्रिक बैठक आहे ती."

"मग मी तांत्रिकच बोलेन," आणि त्यांनी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. बाईंनी बाटल्या भरल्या. रागाने श्वास नीट कोंडला जाईना म्हणून पहिल्यांदा कड्यावर जाऊन परत आल्या, पाच मिनिटं जिन्यावर बसल्या आणि मग भरल्या. गुरुवारी बाटल्यांची पेटी काखोटीला मारून त्या डब्यात बसल्या. नवरा सोडायला आला होता.

"माझं नाव सांग," तो म्हणाला. "बिनधास्त सांग."

"आणि कंत्राट? दोन महिन्यांनी संपतंय. असल्या माणसाला ते परत घेतील?"

"नाही घेतलं तर खाली जाऊन दुसऱ्या कुणाचे बटाटे सोलीन. पण तुझं हे सगळं माझ्यामुळे पुसलं गेलं ना, तर मला घास जाणार नाही." एवढं बोलून तो घाईघाईने जनरेटरकडे निघून गेला. बाईंना डब्यात बसल्यावर त्याचा रागही येत होता आणि भडभडूनही येत होतं.

शहरात नणंदेकडे उतरल्या. नणंद मोठी फटकळ. दोन खोल्यांच्या घरात शिवणाचं मशीन, कापडाचे ढीग आणि सतत चालणारी जीभ. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती वहिनीच्या कामाला 'हवापालट' म्हणते.

"वहिनी, म्हणजे उद्या भर बैठकीत माझ्या भावाचं नाव घालवणार तू?" तिने सुई थांबवून विचारलं.

"नाव कसलं घालवतेय? खरं सांगतेय."

"खरं सांगून त्याची भाकरी जाणार असेल तर? हवेचे आकडेच ना ते? एक पुसला तर दुसरा लिहा. हवा काय संपतेय?"

"वन्सं, तुम्ही शिवलेले एकवीस वर्षांचे सगळे कपडे आणून कुणी तुमच्या दारात जाळले, आणि वर म्हणाले की तुम्हाला टाका घालताच येत नव्हता, तर?"

नणंदेने मशीनवरचा हात उचलला. दोरा दातांनी तोडला. मग म्हणाली, "तर मी त्याचं थोबाड फोडीन." थोड्या वेळाने परत, "पण भावाला सांभाळून घे हं."

"तेच तर कळत नाहीये," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी बैठकीच्या आधी तासभर त्या प्रयोगशाळेत पेटी द्यायला गेल्या. तळघरातली लांबट खोली, फळ्यांवर ओळीने बाटल्या, कोपऱ्यात गुरगुरणारं मोजणीचं यंत्र. तिथल्या मोजणीवाल्याला त्यांनी आजवर बघितलं नव्हतं, आणि त्यानेही यांना. पेटीवरचं लेबल वाचून तो चटकन उभाच राहिला.

"सात नंबर? तुम्ही?" त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, तुमचं अक्षर मी झोपेतसुद्धा ओळखीन. एकवीस वर्षं उघडतोय तुमच्या बाटल्या."

"मग आज शेवटच्या उघडा," बाई म्हणाल्या, आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. नवऱ्याचं, क्रमांकाचं, साहेबांचं.

तो ऐकत होता आणि मान हलवत होता. मग त्याने पडद्यावर एक लांबच लांब तक्ता काढला. "दोन बाटल्या का भरायला लावतात, माहितीये ना? एकाच जागेची, एकाच वेळची हवा. दोन्हींचा आकडा एकच यायला हवा. कुणाचा श्वास गेला तर तो दोन्हींत सारखा कसा जाईल? एकीत जास्त, एकीत कमी. हा शेवटचा रकाना बघा, जोडीतला फरक. तुमची एकवीस वर्षं. शून्य पॉइंट एक, शून्य पॉइंट एक, शून्य. आणि आता हे तेरा आठवडे. दोन, पाच, साडेसहा. एका आठवड्यात नऊ! मी तेव्हाच म्हटलं, हा हात सात नंबरचा नाही."

"आणि त्यानंतरचं?"

"तुम्ही परत आल्यावर? परत शून्य पॉइंट एक. शिवाय गेले आठ महिने तुमच्या बाटल्या आणि ते नवं यंत्र अगदी एकसारखं बोलतायत. पण अहवाल तीनच महिन्यांचा मागवला होता ना, पुढे बघतंय कोण!"

बाईंना एक क्षण बरं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी संताप आला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मी साहेबांना दोनदा कळवलं," तो खाली बघून म्हणाला. "उत्तर आलं, मोजणं तुमचं काम, अर्थ लावणं आमचं."

"आणि तुम्ही मूग गिळून बसलात! अहो, तुमच्या हातात होतं सगळं. मी वरती श्वास कोंडून मरतेय आणि तुम्ही खाली तोंड मिटून बसलाय. छान!"

त्याने तो रकाना कागदावर छापून घेतला, कोट अडकवला आणि बाईंच्या मागोमाग जिना चढायला लागला.

बैठकीची खोली तिसऱ्या मजल्यावर. दारावर शिपाई म्हणाला, यादीत नाव नाही. बाई म्हणाल्या, "नाव नाही, पण क्रमांक आहे. सात. विषयपत्रिकेत बघा." त्याने खरंच बघितलं, आणि खरंच होता. त्याला काय करावं कळेना, तोवर बाई आत गेल्यासुद्धा.

लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सहा-सात माणसं. टोकाला मोठे साहेब, म्हणजे सगळ्या संस्थेचे प्रमुख. त्यांच्या उजव्या हाताला नोंदवाले साहेब, अहवालाच्या प्रतींचा गठ्ठा पुढ्यात. बाईंना बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"मी क्रमांक सात," बाई म्हणाल्या. "माझ्या श्वासाबद्दल बोलणार आहात, तर म्हटलं श्वास घेऊनच यावं."

कुणीतरी हसलं. मोठ्या साहेबांनी खुर्ची दाखवली. बाई बसल्या नाहीत. त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि वाऱ्याकडे तोंड करण्यापासून ते दहा पावलं बाजूला जाण्यापर्यंत सगळं सांगितलं. मोजणीवाल्याने कागद टेबलावर सरकवला आणि रकान्यावर बोट ठेवलं. मोठे साहेब मूळचे याच विषयातले. त्यांनी तो रकाना वरून खाली वाचला, परत वर गेले, आणि चष्मा काढून नोंदवाल्या साहेबांकडे बघितलं.

"जोडीतला फरक तुम्ही बघितला नव्हता?"

"सर, सरासरीवरून..." साहेब म्हणाले. "आणि एक लक्षात घ्या सर. हा बाईंचा आत्ताचा दावा आहे. बाटल्या दुसऱ्याने भरल्या, याचा पुरावा काय? प्रत्येक फॉर्मवर क्रमांक सात आहे. आणि दुसऱ्याने भरल्या असतील, तर घरातल्या माणसाने क्रमांकाचा गैरवापर केला म्हणायचं. मग कारवाई त्या कंत्राटी माणसावर..."

"गैरवापर?" बाई टेबलापाशी गेल्या. "माझ्या नवऱ्याने पहिल्या फॉर्मवर स्वतःचं नाव लिहिलं होतं. तो फॉर्म परत कुणी पाठवला? सात टाका आणि मोकळे व्हा, असं फोनवर कुणी सांगितलं?"

"मला असं काही आठवत नाही."

"नाही ना आठवत? मग हे आठवा." बाईंनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि मोठ्या साहेबांपुढे उलगडला. "माझी वैद्यकीय रजा. तेरा आठवडे. गुडघा मोडला म्हणून. तारखा बघा, तुलनेच्याच तारखा. आणि मंजुरीची सही बघा कुणाची आहे."

सही नोंदवाल्या साहेबांची होती. ज्या हाताने बाई तीन महिने हॉस्पिटलात आहेत म्हणून सही केली, त्याच हाताने बाईंनी त्याच तीन महिन्यांत डोंगरावर बाटलीत श्वास सोडला म्हणून सही केली होती. दोन्ही कागद न वाचता.

साहेबांचा चेहरा पडला. "रोज पन्नास कागद येतात सर," ते म्हणाले.

"माझ्याकडे आठवड्याला दोनच बाटल्या येतात," बाई म्हणाल्या. "पण त्या मी बघते."

पुढे फार बोलणं झालं नाही. एकवीस वर्षांची नोंद जशीच्या तशी ठेवायची, तेवढे तेरा आठवडे बाद करायचे, कंत्राटी माणसावर काही कारवाई नाही, असं ठरलं. आता मात्र बाई खुर्चीवर बसल्या. कुणीतरी चहा आणून ठेवला. बैठकीचा वृत्तान्त टाइप होऊन येईपर्यंत थांबा, केंद्राच्या निरीक्षक म्हणून तुमचीही सही लागेल, असं मोठे साहेब म्हणाले. नोंदवाले साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. माफी नाही. फक्त कागद आला तेव्हा तो आधी त्यांनी घेतला, टंकलेखकाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तो परत टाइप करून आणवला.

बाईंपुढे कागद आला. त्यांनी तो सावकाश वाचला. नोंद कायम, ठीक. कारवाई नाही, ठीक. शेवटचं वाक्य होतं, 'तांत्रिक कारणास्तव तेरा आठवड्यांच्या नोंदी वगळण्यात येत आहेत.'

"तांत्रिक कारण म्हणजे कुठलं?" त्यांनी विचारलं.

"असंच लिहितात बाई," नोंदवाले साहेब घाईने म्हणाले. "सगळ्यांच्याच सोयीचं आहे. तुमच्या मिस्टरांचंही नाव कुठे येत नाही. मिटलं ना आता सगळं?"

बाईंनी पेन मागून घेतलं. सही न करता आधी 'तांत्रिक कारणास्तव' या दोन शब्दांवर पट्टीने मारावी तशी सरळ रेघ मारली, आणि समासात आपल्या गोल, ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'या तेरा आठवड्यांत बाटल्या माझ्या नवऱ्याने भरल्या. मागूनही शिकलेला माणूस पाठवला नाही. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ऑफिसनेही नाही, मीही नाही.' मग त्याखाली सही केली.

"अहो बाई, हे काय केलंत!" मोठे साहेबसुद्धा दचकले. "अधिकृत कागद आहे हा. आपल्याला वाटलं म्हणून त्यावर अशी रेघ नाही मारता येत."

"का?" बाई म्हणाल्या. "माझ्या एकवीस वर्षांवर मारायला निघाला होतात, तेव्हा बरी येत होती!"

मोठ्या साहेबांनी कागद उचलला, समासातल्या ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. मग टंकलेखकाला हाक मारून ते म्हणाले, "बाईंनी लिहिलंय तसंच टाइप करून आणा."